उपरण्याखालचं वर्ष

पाण्याचे पेले घेऊन मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आले आणि भाऊंच्या कोपराकडे लक्ष जाऊन तिथंच थांबले. पेढीच्या गादीवर भाऊ, म्हणजे माझे वडील, आणि जळगावचे दलिचंदजी समोरासमोर बसले होते. मध्ये भाऊंचं उपरणं पसरलं होतं आणि दोघांचे उजवे हात त्या उपरण्याखाली होते. तोंडानं ते केळीच्या वॅगनी, यंदाचा उन्हाळा, कुणाच्या तरी गुडघ्याचं दुखणं असलं काहीबाही बोलत होते. सरकारनं कापसाची खरेदी आपल्या हातात घेतल्यापासून आमच्या पेढीवर कुणाच्या हातावर उपरणं पडलं नव्हतं. नमुन्याचा कापूस नव्हता, वखारीतून येणारा सरकीचा वास नव्हता, दाराशी गाड्या नव्हत्या. विकायला काही नसताना ही दोन माणसं कशाचा भाव करत होती? भाऊंचं कोपर हललं. दोन. दलिचंदजींचा हात निवांत पडून राहिला. भाऊंचं कोपर पुन्हा हललं, आता जरा जोरात, पुन्हा दोन. मग दलिचंदजी हसले, त्यांचं कोपर जरासं आत आलं, एक, आणि भाऊंनी क्षणभर डोळे मिटले. सौदा झाला की भाऊ डोळे मिटतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. हात बाहेर आले. भाऊंनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "आण गं इचरज, पाणी आण." दलिचंदजींनी पेला घेताना माझ्याकडे पाहून समाधानानं मान हलवली. त्यांच्या मुलाशी, सुरेशचंदशी, माझी सगाई होऊन वर्ष झालं होतं. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की आज गादीवर जो माल होता तो मीच होते.

हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. कापसाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि आडत्या हातांवर कापड टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरत. जितकी बोटं धरली, तितका आकडा. भोवती चार माणसं उभी असली तरी त्यांना काही कळायचं नाही. मला कळायचं. शाळेत जायच्याही आधीपासून मी भाऊंच्या पाठीमागं लोडाला टेकून बसायची आणि त्यांच्या कोपराकडे बघत राहायची. एक बोट धरलं की कोपर जरासं आत येतं, दोन धरली की हालचाल मनगटापासून येते, पंजा धरला की खांदा उचलतो. दुपारी बाजार थंड असला की भाऊ माझाच हात उपरण्याखाली घ्यायचे, बोटं दाबायचे आणि विचारायचे, "सांग, किती?" त्यांच्या तळहाताला कापसाच्या धुळीचा कोरडा खरखरीतपणा असायचा. माझी बोटं इतकी बारीक होती की त्यांतली मोजकी धरायला त्यांना अडचण व्हायची आणि आम्ही दोघं हसायचो. एकदा शिरपूरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा खेमा गाडीभर कापूस घेऊन आला होता. त्याच्या मालाचा भाव चालला होता आणि तो बाजूला उकिडवा बसून कधी ह्याच्या, कधी त्याच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "कापूस मना शे ना भाऊ? मंग माले भाव का बरं सांगत नहीत?" सगळी पेढी हसली. मीही हसले, कारण मला भाव कळला होता. आता रिकामे पेले घेऊन जिना चढताना मला खेमाचं ते उकिडवं बसणं आठवलं. त्याच्यापेक्षा माझी अवस्था जरा बरी होती इतकंच. आकडा मला माहीत होता, फक्त तो कशाचा आहे ते माहीत नव्हतं.

ते भाऊंनी जेवताना सांगितलं. दलिचंदजी चारच्या गाडीनं परत गेले होते, ऊन अजून भिंतीवर होतं, आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. भाऊ इतके खूष होते की पोळीचा तुकडा हातातच धरून बोलू लागले. "एक वर्ष मिळवलं बाई तुझ्यासाठी. दलिचंद काहीच द्यायला तयार नव्हता. म्हणत होता, दिवाळीनंतर लग्न करून टाकू, शिकायचं ते जळगावला येऊन शीक. मी दोनला धरून बसलो. शेवटी एकावर जमलं." मी म्हटलं, "भाऊ, एम. ए. दोन वर्षांचं असतं." "माहीत आहे की. म्हणून तर दोन मागितली." "मग एक वर्ष घेऊन मी काय करू?" भाऊंनी माझ्याकडे खरोखरच न समजून पाहिलं. त्यांच्या हिशेबी त्यांनी शून्य आणि दोनच्या मधला आकडा आणला होता. आयुष्यभर त्यांनी हेच केलं, देणारा वर, घेणारा खाली आणि मध्ये कुठंतरी दोघांचं समाधान. कापसाचा भाव असा मधोमध तुटतो. अर्ध्या एम. ए.ला कोण विचारतं? मी ताटावरून उठले. आई म्हणाली, "अन्नावरून उठू नये." मी पुन्हा बसले, आणि राग आलेला असताना पोळी गिळणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं.

आणि गंमत अशी की हे सगळं वेड मला भाऊंनीच लावलेलं. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, मी आठवीत होते. जूनचेच दिवस. मुंबईच्या आडत्याचा फोन आला, तिकडे लढाई जुंपली, सुएझ कालवा बंद झाला, मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, लांब धाग्याचा कापूस आता वळसा घालून येणार. भाऊंनी फोन ठेवला, पानाचा विडा उचलला आणि तो तसाच हातात राहिला. मी विचारलं, कालवा म्हणजे काय? त्यांनी गादीवर सांडलेला कापूस हातानं सारखा केला आणि त्यात बोटानं एक रेघ ओढली. हा एक समुद्र, हा दुसरा, ही मधली चिंचोळी वाट. "ही बंद झाली की आपल्या शिरपूर-चोपड्याच्या मालाकडे मुंबईवाले जास्त प्रेमानं बघतात." मी त्या रेघेकडे पाहत राहिले. कुठल्या तरी वाळवंटात कुणीतरी वाट अडवतो आणि इथं धुळ्यात पाचव्या गल्लीत माझे वडील पानाचा विडा हातात घेऊन खायचं विसरतात. ह्या दोन गोष्टींच्या मध्ये जे काही होतं ते मला हवं होतं. तेव्हापासून मी पेढीवरचा रेडिओ ऐकू लागले. आमच्या घरात मारवाडी, बाजारात अहिराणी, कॉलेजात मराठी, आणि रेडिओवर सकाळच्या इंग्रजी बातम्या, त्यातलं निम्मं कळायचं नाही. कॉलेजात मी राज्यशास्त्र घेतलं. वर्गात मुली तीन, त्यातली एक लग्न होऊन गेली, दुसरी पांझरेच्या पुराला घाबरून यायची बंद झाली. मी राहिले. देवरे सर नकाशा टांगायचे, तो कायम एका बाजूला कलायचा, आणि मी मान तिरकी करून जग पाहायची. एप्रिलच्या शेवटी व्हिएतनामची लढाई संपली तेव्हा बातमी ऐकून मी स्वयंपाकघरात पळत गेले. आई म्हणाली, "कुणाचं काय झालं?" मी म्हटलं, सायगाव पडलं. "अगंबाई," ती म्हणाली आणि लसणाशिवायच्या आमटीत पाणी ओतलं. ह्याच जूनमध्ये सुएझही पुन्हा उघडला. आठ वर्षांनी पहिली जहाजं गेली. ज्या आठवड्यात तो उघडला त्याच आठवड्यात माझी वाट कापडाखाली बंद झाली. योगायोगांना असला वाईट विनोद करायची काय गरज असते कोण जाणे.

दिल्लीच्या नव्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा वेगळा विभाग आहे, हे देवरे सरांनी सांगितलं होतं. मुंबईला मामाच्या मुलीच्या लग्नाला गेलो असताना मी त्यांची प्रवेशपरीक्षा देऊन आले. घरात सगळ्यांना वाटलं, मजा म्हणून देते. मग दिल्लीहून या म्हणून तार आली आणि मजा संपली. तेव्हापासून आमच्या घरात रोज कॉलेज निवडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक जण निवडत होता. फक्त मी सोडून. धापू भुवा, भाऊंची थोरली बहीण, तिची एकच कसोटी: तिथं दिवस कधी मावळतो? दिल्लीत थंडीत साडेपाचलाच अंधार पडतो हे तिला कुणीतरी सांगितलेलं. "तास सुटणार पाचला. मुलगी वसतिगृहात पोचणार कधी, जेवणार कधी? अंधारात जेवणार?" मुंबई तिला चालत होती कारण मुंबईत सूर्य जरा उशिरा बुडतो. मी भूगोलाचं पुस्तक काढून तिला समजवायला गेले की हा फरक पृथ्वीच्या कलण्यामुळं पडतो, तर ती म्हणाली, "पृथ्वी कलू दे. तू उपाशी राहू नको." आईची कसोटी, तिथं आपलं कोण आहे? मुंबईत मामा, पुण्यात मावसकाका, अहमदनगरला चुलत आत्या. दिल्लीत कुणी नाही. भारताच्या राजधानीत आमचं एकही माणूस नाही, म्हणून आईच्या नकाशावर दिल्ली नव्हतीच. धाकटे काका हीरालाल, समोरच्या कापडदुकानात बसतात, ते म्हणाले, "परदेशाचंच शिकायचं तर मुंबईला कॉमर्स कर, एक्स्पोर्ट शीक. त्यात परदेशच परदेश आहे." भाऊंनी ही गोष्ट बाजारात इतकी सांगितली की पाच-सात दिवसांत सगळी पाचवी गल्ली मला एक्स्पोर्टची मुलगी म्हणू लागली. आणि दलिचंदजी म्हणत होते, जळगावला अर्थशास्त्राचं एम. ए. आहे, घरून टांग्यानं जाता येतं. सुरेशचंद स्वतः काय म्हणत होता ते मला माहीत नाही. आमची भेट दोनदा झाली. दुसऱ्या वेळी त्यानं विचारलं होतं, "तुम्ही बातम्या ऐकता असं म्हणतात. खरं आहे का?" मी हो म्हटलं. तो जरा लाजला आणि म्हणाला, "मी गाणी ऐकतो." माणूस वाईट नव्हता. त्याच्यावर मला राग काढता येत नव्हता ही आणखी एक अडचण.

पण एक वर्ष मिळाल्यापासून जे सुरू झालं ते आधीच्यापेक्षा वाईट होतं. आता भाऊ एका वर्षात जग शिकवणारं कॉलेज शोधू लागले. ते खरोखर उत्साहानं शोधत होते, तेच मला सहन होत नव्हतं. ते विरोधात असते, ओरडले असते, दार लावून घेतलं असतं, तर मी भांडले असते. ते माझ्या बाजूचे होते आणि माझ्या बाजूनं राहून माझं वाटोळं करत होते. कापसाचा धंदा गेल्यापासून रिकामी पडलेली त्यांची सगळी हुशारी ह्या एका कामाला लागली. मुंबईच्या जुन्या आडत्याला फोन, नाशिकच्या वकिलाला फोन, पुण्याच्या मावसकाकांना फोन. "एका वर्षाचं काय आहे? हो, जगाचंच. नाही, सगळं जग, पण एका वर्षात." फोनवर ओरडून बोलावं लागायचं, त्यामुळं हे सगळं मला वरच्या मजल्यावर ऐकू यायचं. मी उशी डोक्यावर घेऊन पडायची. उकाड्यानं उशी ओली व्हायची. कधी वाटायचं, खाली जाऊन फोनची वायर उपटावी. कधी वाटायचं, घ्यावं ते वर्ष, कुठंही जावं, एक वर्ष तर एक वर्ष, ह्या गल्लीच्या बाहेर तर पडू. ह्या दुसऱ्या विचाराची मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटायची. खेमानंही शेवटी मिळाला तो भाव घेतला होता आणि रिकामी गाडी घेऊन गेला होता. त्यानं काय करायला हवं होतं?

एका सकाळी भाऊ मला देवरे सरांच्या घरी घेऊन गेले. सरांना त्यांनी आंब्याची करंडी नेली होती. सर बनियनवर होते, शर्ट घालायला आत पळाले आणि बटणं चुकवून बाहेर आले. भाऊंनी विचारलं, "सर, आमच्या मुलीला एका वर्षात बसणारं काही सुचवा." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते म्हणाले, "पुण्याला एक वर्षाची पदविका आहे. आंतरराष्ट्रीय घडामोडींची. संध्याकाळचे वर्ग असतात, नोकरी करणाऱ्यांसाठी." "झालं तर मग," भाऊ म्हणाले. सर चाचरत पुढं म्हणाले, "पण शेठजी, दिल्लीचं म्हणजे... तिथं एकेका प्रदेशाचा वेगळा अभ्यास होतो. आफ्रिका वेगळी, पश्चिम आशिया वेगळा. तिची निवड झाली आहे. माझ्या आजवरच्या विद्यार्थ्यांत कुणाचीच झाली नव्हती. माझी स्वतःची पण..." ते थांबले. भाऊंनी समजूतदारपणे मान हलवली. "खरं आहे सर. पण आमचं एकावर ठरलंय." सर चुकलेली बटणं नीट लावू लागले. मला सरांचाही राग आला. हा माणूस चार वर्षं वर्गात राष्ट्रांच्या वाटाघाटी शिकवत होता आणि घरात आंब्याच्या करंडीसमोर त्याला आपलं वाक्य पुरं करता येत नव्हतं. परत येताना आग्रा रोडवर ट्रक एकामागं एक चालले होते, मुंबईकडून आग्र्याकडे, आग्र्याकडून मुंबईकडे. भाऊ रस्ता ओलांडायला थांबले आणि सवयीनं त्यांनी माझी बोटं धरली. एकवीस वर्षांच्या मुलीची. किती धरली ते मी पाहिलं. दोन. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

तीच दोन बोटं घरी आल्यावरही मला चटका बसल्यासारखी जाणवत राहिली. दुपारी मी खाली पेढीवर गेले. भाऊ गादीवर बसून पुण्याच्या मावसकाकांना लावायचा फोन मनात जुळवत होते, ओठ हलत होते. "संध्याकाळचे वर्ग आहेत," मला पाहून म्हणाले, "भुवा कटकट करेल. पण डबा आधी खाऊन जाता येईल." मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले, त्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. ते हसले. त्यांना वाटलं, जुना खेळ. त्यांच्या तळहाताचा खरखरीतपणा गेला होता. कापूस हातातून गेला की हात असे मऊ होतात, हे मला कधी सुचलं नव्हतं, आणि माझा अर्धा राग तिथंच ओला झाला. तरी मी त्यांची दोन बोटं धरली. त्यांचं हसू थांबलं. त्यांनी माझं एक बोट धरलं. मी दोन. ते एक. मी दोन, आणि सोडली नाहीत. मला त्यांना सांगायचं होतं की ते वर्ष मला नको, पुणं नको, वळसा नको. मला ती कापसातली रेघ हवी आहे, तुम्हीच ओढलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंचे समुद्र. पण बोटांना हे कुठं सांगता येतं? बोटांना फक्त आकडे येतात. कापडाखाली माणूस किती एवढंच बोलू शकतो, का ते कधीच नाही. त्या क्षणी मला त्या उपरण्याची इतकी चीड आली की मी दुसऱ्या हातानं ते खसकन ओढून काढलं.

हात उघडे पडले. भाऊ दचकले आणि अंगावरचं कापड गेल्यासारखे आपल्या हाताकडे बघू लागले. "आता बोला," मी म्हटलं. "काय बोलू?" "खाली जे बोलत होता ते. तोंडानं." समोरच्या दुकानात हीरालालकाका कापड मोजत होते. आई जिन्यात येऊन उभी राहिली होती. भाऊंनी दोघांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "उघड्यावर मला नाही येत गं बाई. सगळं आयुष्य खाली बोलण्यात गेलं. तोंडानं आकडा काढला की भांडण होतं. खाली कधी भांडण होत नाही." मी म्हटलं, "म्हणून तुम्ही एकावर आलात?" त्यांनी उपरणं उचलायला हात नेला आणि मागे घेतला. मग म्हणाले, "त्याला मी दोनदा दोन म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला पाहिजे होतं. त्यानं हात काढून घेतला असता तर सगाई गेली असती. मी घाबरलो." माझ्या वडिलांनी मी घाबरलो असं म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि ते मला नको होतं. "मग आता मोडा तो सौदा," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "उपरण्याखालचा शब्द मी फिरवला तर बाजारात तोंड दाखवता येणार नाही. बाजार राहिला नाही म्हणून काय झालं. मी दिलेला शब्द मला फिरवता येत नाही." ते माझ्या हाताकडे पाहत होते. नजर न उचलता म्हणाले, "पण तुझा हात कुठं होता खाली?"

मला आधी कळलंच नाही. ते पुन्हा म्हणाले, "सौदा दोन हातांचा असतो. एक माझा, एक दलिचंदचा. तुझा नव्हता. तू कशाला बांधली गेलीस?" आणि फोनकडे बोट दाखवून म्हणाले, "जळगाव लाव. अर्जंट. तू बोल." जिन्यातून आई म्हणाली, "अहो, सगाई मोडली म्हणजे?" भाऊ म्हणाले, "मोडली तर मोडली. काय ते दलिचंदला तीच सांगेल." मग माझ्याकडे न बघता, "देशादेशांमधलं बोलणं तूच शिकणार आहेस ना? मग घरापासून सुरू कर." हे ते चिडून म्हणाले की प्रेमानं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ट्रंक कॉल लागेपर्यंत मी गादीच्या कडेला बसून राहिले. डोक्यात मी वाक्यं जुळवत होते, अतिशय नम्र, अतिशय सुसंस्कृत, पाठ्यपुस्तकातल्या तहासारखी. आपल्याविषयी पूर्ण आदर राखून. उभय पक्षांच्या हिताचा विचार करता. काय एकेक! भुवाही खाली आली होती, जपाची माळ हातात तशीच. घंटा वाजली. ऑपरेटर म्हणाली, "जळगाव. बोला." पलीकडे नुसती खरखर, त्यातून दलिचंदजींचा आवाज कुठल्या तरी विहिरीतून आल्यासारखा. "हॅलो! कोण?" "मी इचरज बोलतेय. धुळ्याहून." "कोण? भाऊंना द्या." "भाऊ इथंच बसलेत. मला बोलायचंय तुमच्याशी." थोडा वेळ खरखर. एखाद्या मुलीनं होणाऱ्या सासऱ्याला फोन करायचा प्रसंग त्यांच्या आयुष्यात आला नसावा, माझ्याही नव्हता. "बोल," ते म्हणाले. मी म्हटलं, "एक वर्ष नको आहे मला. दिल्लीचं शिक्षण दोन वर्षांचं आहे. मी तिथं जाणार आहे. दोन वर्षं थांबायचं असेल तर थांबा, नसेल तर तसं सांगा." इतकं सगळं मी एका दमात बोलले, एकही नम्र वाक्य न आठवता. पलीकडून आवाज आला, "काही ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल."

मी उभी राहिले. समोर हीरालालकाकांच्या हातातला गज हवेत थांबला होता. पानवाला ठेल्यावरून वाकून बघत होता. ज्या गल्लीत आजवर एकही भाव कुणाच्या कानावर पडला नव्हता, तिथं मी फोन दोन्ही हातांनी धरून जितकं ओरडता येईल तितकं ओरडले, "दोन! दोन वर्षं! दिल्लीला!" माझा आवाज पेढीच्या पत्र्यावर आपटून परत आला. पलीकडे दलिचंदजी म्हणाले, "किती?" मी भाऊंकडे पाहिलं. ते गादीवर ताठ बसले होते, उपरणं बाजूला पडलं होतं. त्यांचा उजवा हात उघड्यावर वर आला, सगळ्या गल्लीदेखत, आणि त्यांनी दोन बोटं वर धरली. जळगावहून तो दिसणार नव्हता. मी फोन तोंडाजवळ घेतला आणि पुन्हा सांगितलं, दोन.